गेममध्ये कॅरियर उतरवताना

दुसऱ्या महायुद्धावर बेतलेल्या एका मल्टिप्लेअर गेमसाठी मी गेली काही वर्षे फावल्या वेळात वाहने बनवतो. आम्ही आठ जण आहोत, कोणालाही पगार नाही, गेम फुकट आहे, आणि बहुतेक कामे रात्री जेवणे झाल्यावर होतात. रणगाड्यांपैकी आमच्याकडे शेर्मन होता, चर्चिल होता, जर्मनांचा पान्झर चारही होता. परंतु ब्रिटिश आणि हिंदी पायदळाच्या तुकड्यांसोबत खरोखर जे वाहन सर्वत्र दिसे, तो युनिव्हर्सल कॅरियर मात्र आमच्या गेममध्ये नव्हता. इटलीतल्या सेनिओ नदीचा नकाशा तयार व्हायला लागला, तेव्हा ही उणीव लपेनाशी झाली. जुन्या छायाचित्रांत पायदळाच्या मागेपुढे हे बुटके उघडे वाहन वारंवार दिसायचे, आणि आमच्या नकाशात त्याच्या जागी नुसते ट्रक उभे होते. कॅरियर आणि त्याची काही रूपे बनवण्याचे काम मी मागून घेतले. दोन महिन्यांत संपवतो असे मी सांगितले होते. चौदा महिने लागले.

ज्यांनी हे वाहन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करणे भाग आहे. १९२० च्या दशकात कार्डन आणि लॉइड या जोडीने इंग्लंडमध्ये जे चिमुकले चिलखती गाडे बनवले, त्यांच्या वंशातले हे वाहन विकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीने १९३० च्या दशकाच्या मध्यावर घडवले. लांबी सुमारे ३.६५ मीटर, रुंदी दोन मीटरांहून थोडी जास्त, आणि उंची दीड मीटरच्या आसपास, म्हणजे शेजारी उभा असलेला माणूस आत सहज वाकून बघू शकेल इतकी. मधोमध फोर्डचे ८५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन, पुढे उजवीकडे चालक, डावीकडे ब्रेन मशीनगनवाला, आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना मागे माणसे व सामान ठेवण्याचे कप्पे. चिलखत ७ ते १० मिलिमीटर, वेग ताशी ४८ किलोमीटरपर्यंत, आणि छप्पर नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका मिळून अशी सुमारे १,१३,००० वाहने तयार झाली. आमच्या चाचणी खेळाडूंनी पहिल्याच दिवशी त्याला ‘खोकं’ म्हणायला सुरुवात केली, आणि मला ते नाव मनापासून पटले.

सुरुवातीची यादी मी उत्साहाच्या भरात अकरा रूपांची केली होती. ब्रेन कॅरियर, स्काउट कॅरियर, विकर्स मशीनगन बसवलेला, तीन इंची उखळी तोफ वाहून नेणारा, तोफखान्याच्या निरीक्षकांचा, ऑस्ट्रेलियाचा दोन पौंडी तोफेचा, ज्वाला फेकणारा वॉस्प, कॅनडाचा लांब केलेला विंडसर, अमेरिकेचा टी-१६, जर्मनांनी पकडून त्यावर पान्झरश्रेक हे रणगाडाविरोधी रॉकेट-अस्त्र बसवलेला, आणि आपल्याकडे बनलेला चाकांचा ‘इंडियन पॅटर्न’. यादी वाचून आमच्या प्रोग्रामरने एकच प्रश्न विचारला: “यातल्या प्रत्येकात बसून खेळाडू वेगळं काय करणार?” मी रागावलो, कारण माझ्या डोळ्यांसमोर फक्त आकार होते. पण प्रश्न बरोबर होता. स्काउट कॅरियर आणि ब्रेन कॅरियर यांच्यातला फरक जाणकाराला दुरून कळतो. खेळाडूला मात्र दोन्हींत तेच करायचे असते. ऑस्ट्रेलियाच्या दोन पौंडी तोफेच्या कॅरियरची मोह पाडणारी आकृती आहे, परंतु ती वाहने सुमारे २०० बनली आणि ती प्रशिक्षणासाठीच वापरली गेली. इटलीच्या नकाशावर त्यांना आणणे म्हणजे पौराणिक नाटकात मनगटी घड्याळ घालून उभे राहण्यासारखे झाले असते. अखेरीस पाच रूपे उरली: साधा कॅरियर, उखळी तोफेचा, वॉस्प, विंडसर आणि इंडियन पॅटर्न.

संदर्भ गोळा करताना पहिली ठोकर बसली. वेळ वाचावा म्हणून मी एका ऑनलाइन दुकानातून मोजमापांसह आराखडा विकत घेतला होता. तीन आठवडे त्यावर काम केल्यावर लक्षात आले की, आराखड्यावर ‘युनिव्हर्सल’ असे लिहिले असले, तरी मागच्या बाजूला डावीकडेच चिलखती कप्पा आहे आणि उजवीकडची बाजू उघडी आहे. ती रचना आधीच्या ब्रेन कॅरियरची. युनिव्हर्सलमध्ये दोन्ही बाजू बंदिस्त झाल्या, आणि त्यामुळेच ते एक सांगाडा अनेक कामांना लावता येईल असे वाहन बनले. वाहनाच्या नावात जो बदल आहे तोच आराखड्यात चुकला होता. मागचा अर्धा भाग मी पुसून पुन्हा बनवला. त्यानंतर मी एकाच चित्रावर कधी डोळे झाकून विसंबलो नाही. प्रत्येक भागासाठी किमान तीन छायाचित्रे, त्यांतले एक युद्धकाळातले, असा नियम केला. संग्रहालयातली वाहने रंगरंगोटी केलेली असतात आणि पुष्कळदा दोन-तीन वाहनांचे भाग जोडून उभी केलेली असतात, म्हणून हा नियम. रिव्हेटची डोकी किती फुगीर असतात, रंगाखालून पत्र्याची कड कशी दिसते, हे समजावे म्हणून एका रविवारी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन त्या काळातल्या ब्रिटिश रणगाड्यांच्या अंगावर नाक टेकेपर्यंत जवळ उभा राहिलो. तिथल्या रखवालदाराने दोनदा येऊन चौकशी केली.

मॉडेल ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवून, गेम ज्यावर चालतो त्या अनरियल इंजिनमध्ये नेण्याची आमची पद्धत आहे. एकात मोजणी मीटरमध्ये होते, दुसऱ्यात सेंटिमीटरमध्ये, आणि पुढची दिशाही दोघांत वेगळी धरलेली असते. त्यामुळे पहिल्या दिवशी कॅरियर गेममध्ये काडेपेटीएवढा आला आणि आडवा चालू लागला. या गोष्टी अर्ध्या तासात सुटतात. खरा विचार करावा लागला तो भागांच्या वाटणीचा. पाचपैकी तीन रूपांचा सांगाडा सारखाच असल्यामुळे मी एकच मूळ शरीर बनवले आणि त्यावर तोफेची बैठक, टाकी, पेट्या हे भाग खिळ्यासारख्या ठरलेल्या जागी अडकवता येतील असे वेगळे ठेवले. त्या सर्वांचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचे रंगचित्र, एकाच पत्रकावर बसवले. याचा फायदा असा की, दहा कॅरियर एका वेळी मैदानात असले तरी स्मृतीत शरीर एकदाच भरले जाते. तोटा असा की, एका रूपासाठी केलेली चूक तिन्ही ठिकाणी दिसते. डावीकडच्या चिखलरोधक पत्र्यावर मी गंमत म्हणून काढलेला ओरखडा दहाही वाहनांवर त्याच जागी उगवला, आणि एका खेळाडूने “हे सगळे एकाच झाडाला घासून आलेत का?” असे विचारले.

आता सुकाणूविषयी. मी इथे थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते कॅरियरचा स्वभाव याच एका यंत्रणेत आहे. रणगाड्याला साधारणपणे दोन दांडे असतात. कॅरियरला मोटारीसारखे चक्र होते. चक्र थोडे फिरवले की पुढच्या जोडचाकांना दोन्ही बाजूंनी जोडणारी आडवी नळी बाजूला सरकायची, चाके सरकायची, आणि त्यांच्याबरोबर पट्टाच धनुष्यासारखा किंचित वाकायचा. वाहन सौम्य वळण घ्यायचे. चक्र आणखी फिरवले तर मग आतल्या बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागायचा आणि वळण तीव्र व्हायचे. म्हणजे रस्त्यावर ते मोटारीसारखे चालायचे आणि कोपऱ्यावर रणगाड्यासारखे.

आमच्या गेममध्ये पट्ट्यांच्या सर्व वाहनांसाठी एकच सूत्र होते: डावा पट्टा पुढे, उजवा मागे, आणि वाहन जागच्या जागी वळते. मी तेच सूत्र कॅरियरला लावले. पहिल्या चाचणीत प्रोग्रामर म्हणाला, “तुझं खोकं भोवऱ्यासारखं गरगरतंय बघ.” ते चुकीचे होते, कारण या रचनेत एक पट्टा उलटा फिरवण्याची सोयच नाही, एक बाजू थांबवता येते, इतकेच. मग आम्ही दोन टप्प्यांचे सुकाणू लिहिले. पहिल्या तिसऱ्या हिश्शात वेग कमी न होता वळण, त्यापुढे ब्रेक आणि वेगात घट. कळफलकावर खेळणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली, कारण कळ एक तर दाबलेली असते किंवा सोडलेली. अर्धी दाबता येत नाही. तेव्हा कळ दाबून ठेवल्याच्या काळावरून चक्र हळूहळू फिरेल असे केले: पाव सेकंद दाबली तर पट्टा वाकतो, जास्त दाबली तर ब्रेक लागतो. वाकलेला पट्टा डोळ्यांना दिसावा म्हणून मी पुढच्या चाकांची जोडी खरोखरच काही सेंटिमीटर सरकवली आणि पट्टा ज्या वक्ररेषेवर बसवलेला आहे तिचे पुढचे बिंदू त्या चाकांना बांधले. हे पन्नास मीटरांवरून कोणालाही दिसत नाही. तरीही ते काढून टाकायला मी तयार झालो नाही, आणि या गोष्टीवरून आमच्यात एक छोटे भांडणही झाले.

याहून मोठे भांडण सर्व्हरशी झाले. कॅरियरला छप्पर नसल्यामुळे आतली माणसे बाहेरून दिसतात आणि त्यांना गोळी लागू शकते. रणगाड्यात बसलेल्या खेळाडूला आम्ही सरळ अदृश्य करत होतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नव्हता. आमचा सर्व्हर सेकंदाला तीस वेळा जगाची स्थिती ठरवतो, आणि प्रत्येक खेळाडूला ती थोड्या उशिराने दिसते. म्हणून एखाद्याने गोळी झाडली की, त्या क्षणी त्याच्या पडद्यावर समोरचा कुठे होता हे पाहण्यासाठी सर्व्हर मागच्या अर्ध्या सेकंदातल्या पंधरा नोंदी उलटून बघतो आणि सगळ्यांना तेवढे मागे नेऊन मग निकाल देतो. पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत हे व्यवस्थित चालत होते. कॅरियरवर मात्र विचित्र तक्रारी आल्या. उभ्या कॅरियरमधल्या चालकाला गोळी लागायची, धावत्या कॅरियरमधल्याला लागायचीच नाही. उलट कधी कधी रिकाम्या जागी झाडलेली गोळी मागच्या माणसाला लागायची.

दोन आठवडे आम्ही नेम, गोळीचा वेग, चिलखताची जाडी, सगळे तपासले. मी तर मॉडेलच्या टक्कर-कवचालाच, म्हणजे गोळी कुठे आदळते ते ठरवणाऱ्या अदृश्य आवरणालाच, दोष देत होतो आणि ते तीनदा नव्याने बनवून बसलो. शेवटी प्रोग्रामरने सर्व्हरच्या नोंदी रंगीत चौकटींच्या रूपात पडद्यावर काढल्या, तेव्हा उलगडा झाला. वाहन मागे नेले जात होते, पण त्यात बसलेल्या माणसांच्या चौकटी मागे जातच नव्हत्या, कारण माणूस वाहनात बसला की त्याची स्वतंत्र नोंद ठेवणे थांबत होते. ताशी चाळीस किलोमीटरने धावणारे वाहन अर्ध्या सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यातही अर्धा मीटर पुढे जाते. म्हणजे निकालाच्या वेळी रिकामे कॅरियर मागे उभे असे आणि त्याची माणसे त्याच्या पुढे हवेत बसलेली असत. उपाय साधा निघाला. बसलेल्या माणसाची जागा जगाच्या मोजणीत न ठेवता आसनाच्या सापेक्ष ठेवायची, आणि वाहन मागे नेले की तीही आपोआप मागे जाते. बदल चाळीस ओळींचा होता. त्या चाळीस ओळींनंतर ट्रकच्या हौद्यात बसलेल्यांविषयीच्या दोन वर्षांच्या तक्रारीही बंद झाल्या. तोवर आम्ही त्या खेळाडूंना “तुमचे इंटरनेट मंद आहे” असे उत्तर देत आलो होतो, याची लाज वाटते.

चिलखताचे आकडे ठरवताना आम्ही जाणूनबुजून कंजुषी केली. साध्या रायफलीची गोळी अडते, चिलखतभेदी गोळी जवळून आली तर बाजूचा ७ मिलिमीटरचा पत्रा फोडते, आणि वरून पडणारा हातबॉम्ब थेट आत जातो. पहिल्या चाचणीनंतरच्या अभिप्रायांत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘निरुपयोगी’ हा होता. लोक कॅरियर घेऊन सरळ जर्मन मशीनगनवर चालून जात आणि वीस सेकंदांत मरत. त्याला थोडे जाड करा, ही मागणी रास्त वाटावी इतक्या वेळा आली. मी विरोध केला. कॅरियर हे लढणारे वाहन म्हणून चांगले नाहीच. ते माणूस, मशीनगन आणि दारूगोळा उघड्या मैदानातून गोळ्या चुकवत पुढच्या आडोशापर्यंत नेते आणि तिथे रिकामे होते. तेव्हा आम्ही जाडी न वाढवता उतरणे जलद केले. ट्रकमधून उतरायला अडीच सेकंद लागत. कॅरियरच्या कडेवरून उडी मारायला आम्ही एक सेकंदाहूनही कमी वेळ ठेवला, आणि ब्रेन मशीनगन बैठकीवरून काढून हातात घेण्याची सोय दिली. मागच्या कप्प्यांत दारूगोळ्याच्या पेट्या ठेवल्या, ज्या कोणीही बाहेरून हात घालून घेऊ शकतो. वाहनाच्या कमी उंचीचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

उखळी तोफेच्या रूपाबाबत मी स्वतःच चुकलो होतो. मागच्या बाजूला तोफ उभी करून चालत्या-थांबत्या वाहनातून ती डागता येईल असे बनवले होते, आणि ते खेळायला मजेदारही होते. पण ब्रिटिश रूपात तीन इंची तोफ सुटी करून नेली जाई आणि जमिनीवर मांडूनच डागली जाई. वाहनावरूनच डागण्याची व्यवस्था ऑस्ट्रेलियाने आपल्या रूपात केली होती. हे एका ऑस्ट्रेलियन खेळाडूने अगदी सभ्य शब्दांत लिहून कळवले. तयार झालेले काम मोडायचे म्हणजे जिवावर येते, तरी मोडले. आता तळपाट, नळी आणि दोन पाय असे तीन भाग तिघांनी उतरवावे लागतात. एकट्याने केले तर तीन खेपा होतात. तिघांनी केले तर पंचवीस सेकंद. अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावणारी दुसरी कोणतीही गोष्ट आमच्या गेममध्ये इतकी चालली नाही.

वॉस्प, म्हणजे गांधीलमाशी, हे सेनिओच्या नकाशाचे खरे कारण होते. ९ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याने सेनिओ ओलांडण्यासाठी जो हल्ला केला, त्यात ज्वाला फेकणारे चर्चिल आणि वॉस्प नदीकाठी आणले गेले होते. नदीच्या दोन्ही कडांना उंच पूरबांध होते आणि जर्मन सैनिक त्या बांधांच्या पोटात खंदक खणून बसले होते. याच दिवशी पहिल्या मराठा बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे, कंपनीचे निरोप्ये म्हणून नदीपार गेले आणि त्यांनी जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून वाचवून, मशीनगनची ठाणी एकट्याने बंद पाडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नकाशा बनवणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने बांधाचा उतार इतका सरळ ठेवला होता की कोणतेही वाहन वर चढू शकत नाही, आणि ते बरोबरच होते. पण त्यामुळे वॉस्पला पलीकडे ज्वाला टाकायला जागाच उरेना. शेवटी बांधाच्या अलीकडच्या बाजूला दोन ठिकाणी खोदून केलेले उतरते रस्ते ठेवले, जिथून वाहनाचे नाक थोडे वर येते आणि ज्वालेची कमान पलीकडच्या कडेवर पडते.

कोणता वॉस्प घ्यायचा, यावर मी कॅनडाच्या ‘मार्क दोन सी’चा आग्रह धरला. मार्क दोनमध्ये इंधनाच्या दोन टाक्या वाहनाच्या पोटात असल्यामुळे तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. मार्क दोन सी मध्ये ७५ गॅलनची, म्हणजे सुमारे ३४० लिटरची, एकच टाकी मागे बाहेरच्या बाजूला लटकवली आणि तिसरा माणूस पुन्हा आत आला. खेळाच्या दृष्टीने हा तिसरा माणूस फार मोलाचा, कारण ज्वाला टाकणाऱ्याला समोरच बघायचे असते आणि बाजूने येणाऱ्याला रोखायला कोणी तरी लागतेच. मागे लटकलेली टाकी शत्रूलाही दिसते, हा त्याचा दुसरा गुण.

ज्वाला मात्र इंटरनेटच्या जाळ्यावरून पाठवता येत नाही. प्रत्येक थेंबाची जागा सोळा-सोळा खेळाडूंना कळवायची म्हटले तर सर्व्हरच पेटायचा. आम्ही फक्त तोंडाची दिशा आणि झोत चालू आहे की बंद एवढेच पाठवतो. चित्र ज्याचा त्याचा संगणक काढतो. सर्व्हर आपल्या बाजूला सेकंदाला दहा वेळा एक ढोबळ कमान आखतो आणि तिच्या वाटेत काय आले ते बघतो. पल्ला ९० मीटरांच्या आत ठेवला आणि इंधन दोन-दोन सेकंदांच्या बारा झोतांपुरते. पहिल्या आवृत्तीत ज्वाला बांधाच्या मातीतून आरपार जात होती, कारण जमिनीला आदळल्यावर कमान थांबवायची ओळ कोणीच लिहिली नव्हती. एका संध्याकाळी पलीकडचे सगळे खंदक एकाच वॉस्पने रिकामे केले आणि मग तो खेळाडू स्वतःच येऊन म्हणाला, काही तरी चुकतंय.

विंडसरबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. साध्या कॅरियरपेक्षा ७६ सेंटिमीटरांनी लांब, एक चाक जास्त, सहा पौंडी तोफ ओढण्यासाठी. तो सेनिओवर नाही, वायव्य युरोपच्या नकाशांवर आहे. लांबी वाढल्यामुळे पट्ट्याची वक्ररेषा नव्याने आखावी लागली आणि मागे जोडलेली तोफ वळणावर उलटू नये यासाठी तिचे वजन खोटे वाढवावे लागले. हे मी कबूल करून टाकतो.

इंडियन पॅटर्नसाठी मात्र मला मुद्दाम भांडावे लागले, कारण त्याला पट्टे नाहीत, चाके आहेत, आणि आधीच्या चौघांचे काहीच त्याला उपयोगी पडत नाही. कॅनडाहून आलेले फोर्डचे सांगाडे, जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात बनवलेले चिलखती पत्रे, आणि रेल्वेच्या कार्यशाळांत केलेली जोडणी अशी त्याची घडण. सैनिक त्याला ‘टाटानगर’च म्हणत. युद्धकाळात अशी ४,६५५ वाहने बनली, आणि इटलीत हिंदी तुकड्यांबरोबर ती १९४४ सालीही होती. सहकाऱ्यांना वाटत होते की हा माझा देशाभिमान आहे. काही अंशी असेलही. परंतु आठव्या हिंदी डिव्हिजनच्या नावाने नकाशा बनवायचा आणि तिच्या खेळाडूंना फक्त परदेशी बनावटीची वाहने द्यायची, हे मला अपुरे वाटत होते. चाकांमुळे ते रस्त्यावर कॅरियरपेक्षा शांत आणि वेगवान चालते, चिखलात रुतते, आणि टेहळणीला जाऊन परत येण्यासाठी लोक आता तेच घेतात.

सुरुंगांचा प्रश्न सर्वांत शेवटी सुटला. आमच्या गेममध्ये सुरुंगावर गेलेल्या हलक्या वाहनातले सगळेच मरत. मी खडकीजवळच राहतो, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या केंद्रावरून रोज ये-जा असते, म्हणून प्रेमिंद्रसिंग भगत यांचे नाव कानावर होते. पण त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचे सन्मानपत्र मी या कामासाठी पहिल्यांदा नीट वाचले. १९४१ च्या जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, इथिओपियातल्या मेटेम्मापासून पुढे पंचावन्न मैलांच्या वाटेवर, चार दिवस ते सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये बसून सुरुंग शोधत गेले आणि त्यांनी पंधरा सुरुंगपट्टे साफ करवले. दोनदा त्यांचे कॅरियर उडाले, सोबतचे लोक गेले, त्यांच्या एका कानाचा पडदा फाटला, तरी बदली नाकारून ते पुढच्या कॅरियरमध्ये चढले. हे वाचून आम्ही स्फोट कोणत्या पट्ट्याखाली झाला ते पाहायला सुरुवात केली. त्या बाजूच्या पुढच्या आसनावरचा माणूस बहुधा जातो. विरुद्ध बाजूचा जखमी होऊन वाचू शकतो, आणि काही सेकंद त्याला काहीच ऐकू येत नाही. पट्टा तुटतो, कॅरियर तिथेच बसते आणि मागून येणाऱ्यांची वाट अडवते.

पाचही रूपे आम्ही एकाच शुक्रवारी रात्री खुली केली. मी खेळलो नाही. प्रेक्षक म्हणून सेनिओच्या नकाशावर फिरत राहिलो. पहिल्या तासात बहुतेक कॅरियर नेहमीसारखे मशीनगनवर चालून जाऊन जळाले. नंतर एक चालक दिसला, त्याने एका पडक्या घराच्या आड वाहन लावले, तिघांना उतरवले, दारूगोळ्याच्या पेट्या तिथेच टाकल्या आणि उलटे पाऊल घेत पुन्हा मागे गेला. अकरा मिनिटांत त्याने अशा चार खेपा केल्या. त्याच्या नावावर एकही शत्रू नव्हता आणि गुणतक्त्यात तो शेवटून दुसरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामांच्या यादीत पहिली नोंद केली की, पेट्या आणि माणसे पोचवल्याचे गुण द्यायचे आपण विसरलो आहोत. आणि दुसरी नोंद, विंडसरचा पट्टा तीव्र वळणावर मागच्या दंतचक्रातून अजूनही दोन दात वर उचलला जातो.